पाव तोळ्याची गोळी आणि चार हजारांचा आकडा

एन.सी.सी.च्या शिबिरात नेमबाजी केलेल्या शिक्षकांना ‘पॉइंट टू-टू’ रायफल नक्की आठवत असेल. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.२२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास असतो. गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम आणि वेग ध्वनीच्या वेगाच्या जवळपास, म्हणजे सेकंदाला साधारण ३५० मीटर. आवाज फारसा नाही, खांद्याला धक्का नाही. नवशिक्याच्या हातात द्यायला ही रायफल योग्यच.

जवळजवळ तेवढ्याच व्यासाच्या नळीतून ध्वनीच्या साडेतीन पटींहून अधिक वेगाने गोळी सोडणारे काडतूस अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने १९३५ साली बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘.२२० स्विफ्ट’. कारखान्यात तयार होणाऱ्या काडतुसांपैकी सेकंदाला ४००० फुटांचा टप्पा ओलांडणारे हे पहिलेच. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध नेमबाजांनी अनेक वर्षे हिरिरीने वाद घातला. आम्हाला बंदुकांचे आकर्षण नाही. पण हा वाद समजून घेताना दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, नववी ते बारावीच्या वर्गांत आपण जे यांत्रिकी शिकवतो त्यातले बरेचसे इथे प्रत्यक्षात दिसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नव्या वस्तूबद्दल मोठा दावा केला जातो तेव्हा तो तपासायचा कसा, आणि तपासताना शहाणी माणसेही कुठे चुकतात, याचे हे फार चांगले उदाहरण आहे.

उपद्रवी कोणाला म्हणायचे?

हे काडतूस ‘वार्मिंट’ मारण्यासाठी तयार केले होते. इंग्रजीतील ‘व्हर्मिन’ या शब्दाचे हे बोलीतले रूप. शेतकऱ्याला आणि गुराख्याला नुकसान पोचवणारा प्राणी तो वार्मिंट. अमेरिकेच्या पूर्व भागात कुरणांत बिळे करणारा वुडचक, पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातील प्रेअरी डॉग (हा कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला प्राणी आहे), आणि कोल्ह्या-लांडग्यांचा भाऊबंद कायोटी हे त्यातले मुख्य. वुडचक चार-पाच किलोचा, तर प्रेअरी डॉग जेमतेम किलोभराचा. माणसाची चाहूल लागताच दोघेही बिळात शिरतात. त्यामुळे त्यांच्यावर नेम धरायचा तो दीडदोनशे मीटरवरून.

असे लक्ष्य दूर आणि लहान असते, आणि ते किती दूर आहे हे नेमके माहीत नसते. शिवाय आसपास गुरे आणि वस्ती असते. म्हणून गोळी जमिनीवर आपटून उसळी घेत भलतीकडे जाऊन चालत नाही. हलकी, वेगवान आणि आपटताच फुटून जाणारी गोळी ही या गरजेतून आलेली कल्पना होती.

आकडा आधी, गोळी नंतर

वेगाचे वेड १९३५ च्या आधीपासूनचे. चार्ल्स न्यूटन नावाच्या अमेरिकन काडतूस-रचनाकाराने सॅव्हेज कंपनीसाठी ‘.२२ हाय-पॉवर’ हे काडतूस तयार केले. ते १९१२ साली विक्रीला आले. त्याची साडेचार ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने जाई. काडतूस लहान प्राण्यांसाठी असले तरी चीनच्या फुकियन प्रांतात काम करणाऱ्या हॅरी कॉल्डवेल या मिशनऱ्याने याच रायफलीने वाघ मारले. ही हकीकत पसरली, आणि एवढीशी गोळी वाघालाही पुरते असा समज झाला. नंतर मोठ्या जनावरांवर हे काडतूस वापरणाऱ्यांना जनावर जखमी होऊन पळून गेल्याचे अनुभव येऊ लागले आणि त्याची कीर्ती ओसरली. कॉल्डवेल खोटे बोलत नव्हता. तो उत्तम नेमबाज होता, आणि जे घडले तेच त्याने सांगितले. चूक होती ती एका कुशल माणसाच्या मोजक्या अनुभवांवरून सर्वांसाठी नियम काढणाऱ्यांची.

न्यूटननेच सॅव्हेजसाठी केलेले पुढचे काडतूस १९१५ साली आले. त्यासाठी न्यूटनला १०० ग्रेनची गोळी हवी होती, पण कंपनीने ८७ ग्रेनची निवडली, असे त्याच्या इतिहासात सांगितले जाते. कारण हलक्या गोळीने सेकंदाला ३००० फुटांचा वेग गाठता येत होता. काडतुसाच्या नावातच ‘३०००’ हा आकडा घातला गेला.

इथे ‘ग्रेन’बद्दल थोडे सांगायला हवे. हे धान्याच्या दाण्यावरून आलेले वजनाचे जुने माप आहे. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. आपला तोळा ब्रिटिश काळात बरोबर १८० ग्रेनचा ठरवला गेला होता. म्हणजे पाव तोळा म्हणजे ४५ ग्रेन.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेशी संबंधित काही हौशी नेमबाजांनी एक प्रयोग केला. त्यांत टाउनसेंड व्हेलेन आणि ग्रोव्हनर वॉटकिन्स हे लष्करी अधिकारी होते. १८८५ सालचे, काळ्या दारूवर चालणारे एक जुने काडतूस घेऊन त्यांनी त्यात आधुनिक धूरविरहित दारू आणि पाव तोळ्याची गोळी वापरली. हेच ‘.२२ हॉर्नेट’, म्हणजे गांधीलमाशी. विंचेस्टरने १९३० साली हे काडतूस विकायला सुरुवात केली तेव्हा त्यासाठी कारखान्यात बनलेली एकही रायफल बाजारात नव्हती! लोक आपल्या जुन्या रायफली कारागिराकडून बदलून घेत होते. एखाद्या काडतुसाचे याहून उत्साही स्वागत क्वचितच झाले असेल. त्याचा आवाज बेताचा, धक्का नगण्य, आणि दीडशे मीटरपर्यंत नेम चांगला.

हॉर्नेटने भूक वाढवली, आणि पाच वर्षांनी स्विफ्ट आले. अमेरिकन नौदलाच्या १८९५ सालच्या ६ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी घेऊन तिचे तोंड अरुंद केले होते. गोळी ४८ ग्रेनची, म्हणजे ३.१ ग्रॅम, आणि वेग ४११० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे १२५० मीटर.

सपाट मार्गाचे गणित

वेगाचा फायदा खरा होता का? वर्गात सहज करता येईल असे गणित घेऊ. हवेचा विरोध तूर्त विसरू. रायफल २०० मीटरवर अचूक नेम लागेल अशी जुळवली आहे. नेमबाजाला वाटते की प्राणी २०० मीटरवर आहे, पण प्रत्यक्षात तो २५० मीटरवर आहे. गोळी किती खाली लागेल?

गोळीला २०० मीटर जायला लागणारा वेळ t काढा. त्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने ½gt² इतकी खाली येते. ही घट भरून काढण्यासाठी नळी किंचित वर रोखलेली असते. २५० मीटरपर्यंत ही वरची चाल सव्वापट होते, पण घट वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.५६ पट होते. दोहोंतील फरक म्हणजे चूक.

ध्वनीच्या वेगाजवळची साधी ‘टू-टू’ (३५० मी./से.) घेतली तर ही चूक सुमारे ५० सेंटिमीटर येते. हॉर्नेटसाठी (८२० मी./से.) ती ९ सेंटिमीटर, आणि स्विफ्टसाठी (१२५० मी./से.) केवळ ४ सेंटिमीटर. हवेचा विरोध धरला की तिन्ही आकडे वाढतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही. वुडचकच्या छातीचा मर्मभाग वाटीएवढा असतो हे लक्षात घेतले, तर अंतराचा अंदाज चुकला तरी स्विफ्टची गोळी जागेवर लागते असे म्हणणाऱ्यांचा अनुभव बरोबर होता हे समजते. अंतर मोजणारी लेसर यंत्रे तेव्हा नव्हती. डोळ्यांचा अंदाज हेच साधन होते. स्विफ्टने नेमबाजाच्या हाताची नव्हे, तर त्याच्या अंदाजाची चूक झाकली.

जड की वेगवान? एक जुनाच वाद

यानंतर गोष्ट बिघडली. वुडचकवर यश मिळाल्यावर काही जणांनी स्विफ्ट हरणांवर वापरायला सुरुवात केली. हत्तींच्या शिकारीबद्दल प्रसिद्ध असलेल्या डब्ल्यू. डी. एम. बेल याने स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणांसाठी स्विफ्ट वापरली आणि तिची वाखाणणी केली. प्राणी विजेचा धक्का बसावा तसा जागीच कोसळतो, असे समर्थक सांगत. विरोधक म्हणत की गोळी कातडीखालीच फुटते, उथळ जखम होते, आणि जनावर तडफडत दूर जाऊन मरते. जड गोळीचे पुरस्कर्ते, ज्यांत आयडाहोचा एल्मर कीथ अग्रणी होता, लहान व्यासाच्या वेगवान गोळ्यांकडे तुच्छतेने पाहत.

दोन्ही पक्ष आकडे देत होते, पण वेगवेगळे. त्या काळची सर्वपरिचित ‘थर्टी-ऑट-सिक्स’ रायफल घेऊ. तिची गोळी ९.७ ग्रॅमची आणि वेग सुमारे ८८० मी./से. गतिज ऊर्जा (½mv²) काढली तर ती येते सुमारे ३७५० ज्यूल, आणि स्विफ्टची सुमारे २४४०, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश. संवेग (mv) काढला तर थर्टी-ऑट-सिक्सचा ८.५ आणि स्विफ्टचा ३.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद, म्हणजे निम्म्याहूनही कमी. वेगाचे भक्त ऊर्जेचा आकडा पुढे करत, वजनाचे भक्त संवेगाचा.

विज्ञानाच्या इतिहासात हा वाद आधी होऊन गेला आहे. गतिमान वस्तूचे ‘बल’ mv ने मोजावे असे देकार्तचे अनुयायी मानत. लायब्निट्सने १६८६ साली mv² ची बाजू मांडली. पुढे हॉलंडमधील ’स् ग्रावेसांड याने पितळी गोळे मऊ मातीत टाकून दाखवले की वेग दुप्पट केला की खड्डा चौपट होतो. दोन्ही राशी खऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, हे कळायला अनेक दशके जावी लागली.

बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली वर्णन केलेला ‘क्षेपक लंबक’ हे दोन्ही एकत्र दाखवतो. लाकडाचा ठोकळा टांगायचा, त्यात गोळी रुतवायची आणि ठोकळा किती झुलतो ते मोजायचे. स्विफ्टची ३.१ ग्रॅमची गोळी हजारपट वजनाच्या, म्हणजे ३.१ किलोच्या ठोकळ्यात रुतली असे समजा. संवेग अक्षय्य असल्याने ठोकळ्याला सेकंदाला सुमारे सव्वा मीटर वेग मिळतो. ठोकळ्याची गतिज ऊर्जा किती? केवळ २.४ ज्यूल! उरलेले ९९.९ टक्के गेले कुठे? लाकूड फोडण्यात, शिसे चपटे करण्यात आणि उष्णतेत. म्हणजे गोळी प्राण्याला ‘ढकलून पाडते’ ही समजूत चुकीची आहे. ती फाडते. आणि किती खोलवर फाडते हे ऊर्जेवरही ठरत नाही आणि संवेगावरही ठरत नाही. ते बरेचसे गोळीच्या बांधणीवर अवलंबून असते. पातळ तांब्याच्या आवरणातील शिसे पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच फुटते. किलोभराच्या प्राण्यात ते पुरेसे असते, शंभर किलोच्या प्राण्यात नसते. मधे बरगडी आली की नाही, यावर एकाच रायफलीचा निकाल बदलतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या हकीकती खऱ्या असू शकत होत्या.

कायद्याने पुढे दोन्ही बाजूंचे थोडे थोडे मानले. इंग्लंड व वेल्ससाठी १९६३ साली झालेल्या हरीण-कायद्यात दोन अटी होत्या: नळीचा व्यास किमान ०.२४० इंच आणि गोळीची ऊर्जा किमान १७०० फूट-पौंड (सुमारे २३०० ज्यूल). स्विफ्ट ऊर्जेच्या परीक्षेत पास होते, पण व्यासाच्या परीक्षेत नापास.

नळी झिजते का?

स्विफ्टवर दुसरा आरोप होता नळी खाण्याचा. काहीशे गोळ्यांत नळीचा नेम बिघडतो, असे अनेकांनी सांगितले. काहींनी हजारो गोळ्या झाडूनही नळी ठीक असल्याचे सांगितले.

आरोपात भौतिक तथ्य होते. जळत्या दारूच्या वायूंचे तापमान पोलादाच्या वितळणबिंदूहून (सुमारे १५०० अंश सेल्सिअस) बरेच जास्त असते. संपर्क सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता असतो म्हणून नळी टिकते. पण मोठ्या पुंगळीतील भरपूर दारूचे वायू अरुंद नळीत घुसतात तेव्हा सुरुवातीच्या भागातील पीळदार खाचा लवकर झिजतात. मधे थंड होऊ न देता गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या तर झीज फार वेगाने होते. प्रेअरी डॉगच्या वसाहतीजवळ बसलेला माणूस नेमके हेच करतो. दिवसभरात दोन वुडचक मारणारा शेतकरी तसे करत नाही. शिवाय त्या काळचे नळीचे पोलादही आजच्याइतके चांगले नव्हते. पुढे विंचेस्टरने स्विफ्टसाठी स्टेनलेस पोलादाच्या नळ्या दिल्या.

मुलांना यावर चार चौकोनांचा तक्ता काढायला सांगावा: नळी थंड होऊ दिली की नाही, आणि नळी लवकर झिजली की नाही. नेमबाजांच्या मासिकांतून लोक बहुधा एकाच चौकोनाबद्दल लिहीत. ज्याची नळी बिघडली तो तक्रार करतो. ज्याची ठीक आहे तो गप्प असतो, किंवा दुसऱ्याची तक्रार वाचून चिडला तरच लिहितो. उरलेले चौकोन रिकामेच राहतात.

तीन गोळ्यांचा पुरावा

‘माझी रायफल शंभर मीटरवर तीन गोळ्या एका रुपयात बसवते’ हे वाक्य प्रत्येक नव्या काडतुसाबरोबर ऐकू येते. गोळ्यांच्या खुणांपैकी सर्वांत दूरच्या दोन खुणांमधील अंतराला गटाचा विस्तार म्हणतात. हा विस्तार रायफलीवर जसा अवलंबून असतो तसा किती गोळ्या झाडल्या यावरही असतो. गोळ्यांचे विखुरणे प्रसामान्य वितरणाप्रमाणे असेल आणि प्रत्येक दिशेतील प्रमाण विचलन १ सेंटिमीटर असेल, तर तीन गोळ्यांच्या गटाचा सरासरी विस्तार २.४ सेंटिमीटर येतो, पाचांचा ३.१ आणि दहांचा ३.८. रायफल तीच, काडतूसही तेच! शिवाय तीन-तीन गोळ्यांचे गट आपसांत फार कमीजास्त येतात. त्यांतला सर्वांत लहान गट खिशात ठेवायचा आणि बाकीचे ‘वाऱ्यामुळे’ म्हणून टाकून द्यायचे, ही माणसाची सवयच आहे.

या सवयीवर उपाय नेमबाजांनीच शोधला, ही समाधानाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘बेंचरेस्ट’ स्पर्धा सुरू झाल्या. रायफल मेजावर टेकवून ठरलेल्या संख्येचे गट झाडायचे, सर्वांसमोर मोजायचे आणि सरासरी काढायची. या कसोटीवर कोण उतरले? रेमिंग्टन कंपनीतील माइक वॉकर याने रचलेले आणि १९५० साली आलेले ‘.२२२ रेमिंग्टन’. त्याचा वेग स्विफ्टपेक्षा सेकंदाला जवळपास पावणेतीनशे मीटरने कमी होता, पण दारू कमी, धक्का कमी आणि सातत्य उत्कृष्ट. पुढची बरीच वर्षे या स्पर्धांवर त्याचेच राज्य होते. विंचेस्टरने १९६४ च्या सुमारास स्विफ्टच्या रायफली बनवणे थांबवले, तरी काडतूस मेले नाही. इतर कारखान्यांनी ते पुढे चालवले आणि आजही त्याचे चाहते आहेत.

पुढे काय झाले?

‘.२२२’ ची पुंगळी थोडी लांबवून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे काडतूस झाले ते अमेरिकन सैन्याने स्वीकारले. तेच ५.५६ मिलिमीटर काडतूस. पुण्याच्या पाषाण भागातील संरक्षण संशोधन संस्थेत रचना झालेली ‘इन्सास’ रायफल याच व्यासाची, आणि तिची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात बनत आली. वुडचकसाठी सुरू झालेला ‘हलकी-वेगवान की जड’ हा वाद असा माणसांपर्यंत पोचला. तो संपलेला नाही. भारतीय सैन्याने अलीकडे पुन्हा ७.६२ मिलिमीटरच्या रायफली घेतल्या, तर २०२२ साली अमेरिकन सैन्याने ६.८ मिलिमीटरची निवड केली.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळे झाले ते प्राणी? मुख्यतः विषप्रयोगाच्या मोठ्या सरकारी मोहिमांनी, शेतीखाली गेलेल्या कुरणांनी आणि प्लेगच्या साथींनी प्रेअरी डॉगच्या वसाहती नष्ट होत गेल्या. बंदुकीचा वाटा त्या मानाने लहान. त्यांच्यावरच जगणारे काळ्या पायांचे फेरेट नामशेष झाले असेच मानले जात होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये त्यांची एक शेवटची वस्ती सापडली. गोळी आपटताच फुटते हा १९३५ साली गुण होता, कारण शेजाऱ्याचे गुरू वाचत होते. आज कळते की शिशाचे तेच बारीक कण मेलेल्या प्राण्याच्या शरीरात राहतात आणि ते खाणाऱ्या गरुड-गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. ‘उपद्रवी’ हा शब्दही टिकलेला नाही. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळे, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे यांची ‘व्हर्मिन’ म्हणून वेगळी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती काढून टाकली गेली, तरी एखाद्या प्राण्याला ठराविक काळासाठी उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार सरकारकडे आहे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. त्याला बंदूक लागत नाही. जमिनीवर पांढऱ्या कागदाच्या मधोमध फुलीची खूण करा आणि त्यावर कार्बन पेपर ठेवा. एकाच डब्यातील सारख्या गोट्या घेऊन निम्म्यांना लाल आणि निम्म्यांना निळा ठिपका द्या. मुलांना सांगा की दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या गोट्या आहेत, कोणत्या अधिक अचूक पडतात ते शोधायचे आहे. प्रत्येक गटाने दीड मीटर उंचीवरून फुलीवर नेम धरून प्रत्येक रंगाच्या तीन गोट्या सोडाव्यात, विस्तार मोजावा आणि आपला निकाल फळ्यावर लिहावा. काही गट लाल चांगली म्हणतील, काही निळी, आणि थोड्या वेळात दोन्ही बाजूंना कारणेही सुचू लागतील. मग प्रत्येक रंगाच्या तीस-तीस गोट्या सोडायला लावा, आणि शेवटी डबा एकच होता हे सांगा.